हार्ड डिस्कवर हलवलं म्हणजे बॅकअप झाला का?

या वेळचं पत्र फोंडा तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं आहे. पत्र बरंच मोठं होतं, थोडं आटोपशीर करून देते:

«माझे वडील भजनी. पेटी वाजवायचे, गावच्या जत्रेतल्या नाटकांना साथ करायचे, दोन नाटकं त्यांनी स्वतः लिहिलीही. त्यांच्या ४६ कॅसेटी घरात होत्या. भाच्याच्या मदतीनं गेल्या दोन वर्षांत त्यांतल्या ४५ कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. एकीवर पांढरी बुरशी आली आहे, ती तेवढी राहिली. शिवाय घरचे फोटो आणि नाटकांच्या टाइप केलेल्या संहिता. सगळं मिळून १८० जीबी झालं. लॅपटॉप भरला म्हणून २ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतली आणि सगळं कट करून तिच्यावर पेस्ट केलं. डिस्क कपाटात साड्यांच्या घडीत ठेवली आहे. भाचा म्हणतो, आत्या, बॅकअप झाला, आता निर्धास्त राहा. पण मला काही निर्धास्त वाटत नाही. डिस्क १.८१ टीबीच दाखवते, दुकानदारानं फसवलं का? पावसाळ्यात तिला काही होईल का? आणि घर रंगवायला काढलं आहे, तर कॅसेटी आता टाकून द्याव्यात का?»

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी कॅसेटींचं, कारण रंगारी दारात येऊन ठेपले असतील. कॅसेटी टाकू नका. एकही नाही. कोरड्या डब्यात भरून, ज्या खोलीचं काम शेवटी निघणार आहे तिथे ठेवा. का, ते पुढे येईलच.

आता भाच्याच्या म्हणण्याबद्दल. त्यानं दोन वर्षं तुमच्या शेजारी बसून ४५ कॅसेटी उतरवल्या, हे फार मोठं काम केलं त्यानं. पण बॅकअप झालेला नाही. तुम्ही फायली लॅपटॉपवरून डिस्कवर हलवल्या. आधी त्या एकाच जागी होत्या, आताही एकाच जागी आहेत, फक्त जागा बदलली. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. पहिली जिथे आहे तिथेच राहते आणि तशीच आणखी एक वेगळ्या ठिकाणी असते. आज तुमच्या वडिलांचा आवाज साड्यांच्या घडीतल्या त्या एका डिस्कवर आहे, आणि डिस्क हातातून निसटायला एक क्षण पुरतो.

हे मी अंगावर काढलेलं आहे, म्हणून सांगते. डिचोलीकडच्या माझ्या आत्याला धालोंची गाणी यायची. पौषातल्या रात्री मांडावर म्हणतात ती, आणि इतर कितीतरी. २०१४ साली मी तिच्या स्वयंपाकघरात बसून तिची ३८ गाणी रेकॉर्ड केली. मधेच चुलीवर काही उतू जायचं, ती उठायची, गात गातच परत यायची. नंतर मी अगदी तुमच्यासारखंच केलं. लॅपटॉप भरला म्हणून सगळं एका एक्स्टर्नल डिस्कवर हलवलं. दोन वर्षांनी आत्या गेली. तिच्या बाराव्याला घरच्यांना गाणी ऐकवावीत म्हणून डिस्क लावली, वायरीत कुणाचा तरी पाय अडकला आणि चालू डिस्क टेबलावरून जमिनीवर आली. उंची फार तर दोन-अडीच फूट. बाहेरून ओरखडासुद्धा नाही. पण पुन्हा लावली तेव्हा आतून आवाज यायला लागला: टक्, टक्, टक्, थोडी शांतता, पुन्हा टक्. त्या डिस्कच्या आत काचेसारख्या गुळगुळीत तबकड्या असतात, मिनिटाला साधारण ५,४०० फेऱ्या घेणाऱ्या, आणि त्यांच्यावर वाचणारी सुई केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावरून तरंगत असते. चालू असताना धक्का बसला की सुई तबकडीला टेकते. मी घाबरून दोन दिवस ती पुन्हा पुन्हा लावून बघत राहिले, आणि प्रत्येक वेळी ती सुई तबकडी आणखी खरवडत गेली. डेटा काढून देणाऱ्या माणसानं डिस्क उघडून दाखवली तेव्हा चकचकीत तबकडीवर एक मळकट कडं उमटलेलं दिसलं. त्या कड्यात माझ्या आत्याचा आवाज होता.

३८ पैकी ११ गाणी आज माझ्याकडे आहेत. ती कुणी वाचवली? बेळगावच्या माझ्या चुलतबहिणीनं. मागे एकदा तिनं मागितली म्हणून पेनड्राइव्हवर घालून दिली होती. बॅकअप म्हणून नव्हे, प्रेमापोटी दिली होती. तेवढीच उरली.

म्हणून आज संध्याकाळी एवढं करा. डिस्क लॅपटॉपला जोडा आणि वडिलांचं फोल्डर पुन्हा लॅपटॉपवर कॉपी करा. या वेळी कट नाही, कॉपी. १८० जीबी मावत नसेल तर निदान कॅसेटींचं फोल्डर करा. तुमच्या कॅसेटी ९० मिनिटांच्या असतील आणि भाच्यानं सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फायली केल्या असतील, तर एक कॅसेट साधारण ९५० एमबी होते. ४५ कॅसेटी म्हणजे ४३ जीबीच्या आसपास. एवढी जागा आता रिकाम्या केलेल्या लॅपटॉपवर नक्की निघेल. लॅपटॉप थोडा जड चालेल. चालू दे.

डिस्क टेबलाच्या मध्यावर आडवी ठेवा, वायर लोंबकळू देऊ नका, आणि कॉपी चालू असताना तिला हात लावू नका. लॅपटॉप चार्जरला जोडून ठेवा आणि मध्येच झोपी जाऊ नये म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप बंद करा. वेगवान यूएसबी पोर्ट बऱ्याच लॅपटॉपना आतून निळा असतो. त्याला लावलीत तर १८० जीबी अर्ध्यापाऊण तासात होईल, जुन्या पोर्टला दीड तास किंवा जास्तही. वेळ लागतो म्हणून बिघडलं असं समजू नका. मध्येच लाईट गेली तरी घाबरायचं कारण नाही. लॅपटॉपला बॅटरी आहे आणि ही लहान डिस्क लॅपटॉपकडूनच वीज घेते.

१.८१ टीबीबद्दल: दुकानदारानं फसवलेलं नाही. बनवणारा एक टीबी म्हणजे एक लाख कोटी, म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट धरतो, हजाराच्या पटीत मोजून. विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं. त्यामुळे २ टीबीची डिस्क १.८१ आणि १ टीबीची ९३१ जीबी दिसते. डिस्क तीच, माप वेगळं. फसवणूक असते ती वेगळी: ऑनलाइन हजार-दीड हजारात १६ टीबीची डिस्क म्हणून विकतात. ती जोडल्यावर आकडा खरोखर १६ टीबी दाखवते, पण आतली चिप लहान असते आणि ती भरली की पुढच्या फायली दिसतात पण उघडत नाहीत. पुढची डिस्क घ्याल ती बिल देणाऱ्या दुकानातून घ्या, माहितीतल्या कंपनीची घ्या.

हो, पुढची डिस्क. ती घ्यावीच लागेल. तुम्हाला १ टीबी भरपूर झाली. शक्यतो पहिलीपेक्षा वेगळ्या कंपनीची घ्या, म्हणजे एकाच खेपेतल्या दोन डिस्कांत एकच दोष निघण्याची भीती नको. आणि ही दुसरी डिस्क तुमच्या घरात ठेवायची नाही.

हे जरा नीट सांगते, कारण लोक इथेच थांबतात. दोन डिस्का घेतात आणि दोन्ही त्याच कपाटात ठेवतात. २३ जुलै २०२१ आठवा. म्हादई चढली आणि सत्तरी-डिचोलीकडे घरंच्या घरं पाण्यात गेली. १९८२ नंतर असा पूर आला नव्हता असं तेव्हा सांगितलं गेलं. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळानं किनाऱ्याला झोडपलं होतं. पुराचं पाणी कपाटात शिरतं तेव्हा पहिली डिस्क आणि दुसरी डिस्क यांत फरक करत नाही. चोर, आग, वाळवी, घरावर पडलेला माड, सगळ्यांचं तसंच.

फोटोग्राफर मंडळींनी यासाठी एक साधा हिशेब रूढ केला आहे, तीन-दोन-एक: प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. तुमचा हिशेब असा बसतो: लॅपटॉपवर एक, घरातल्या डिस्कवर एक, दुसऱ्या गावातल्या डिस्कवर एक. पत्रात तुम्ही लिहिलं आहे की भाऊ पेडण्याला मूळ घरी असतो आणि चवथीला सगळे तिकडेच जमता. मग ठरलं. चवथीला जाताना ताजी कॉपी केलेली डिस्क बॅगेत घ्यायची, पेडण्याच्या घरी ठेवायची आणि तिथली जुनी परत आणायची. शिगम्याला गेलात की पुन्हा अदलाबदल. वर्षातून दोनदा. तारीख लक्षात ठेवायला मोबाइलच्या रिमाइंडरची गरज नाही, चवथ कुणी विसरत नाही. फक्त या वर्षीची पहिली डिस्क चवथीपर्यंत थांबवू नका. पावसाचा जोर व्हायच्या आत भाऊ किंवा भाचा कुणी आला तर त्याच्या हाती पाठवा. टॉवेलात गुंडाळून, बंद डब्यात.

मला या बाबतीत ख्रिस्तपुराणाची गोष्ट नेहमी आठवते. फादर थॉमस स्टीफन्स यांचं हे मराठी पुराण १६१६ साली आपल्या राशोलला छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. तरी आपण ते वाचू शकतो, कारण लोकांनी हातानं नकला करून ठेवल्या होत्या आणि त्या नकला गोव्याबाहेर गेल्या होत्या. १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं ते अशा हस्तलिखितांवरून. जे छापखान्यातून निघालं ते गेलं, आणि जे कुणीतरी दिव्याच्या उजेडात उतरवून दूरच्या घरात नेऊन ठेवलं ते राहिलं. तुमचा पेडण्याचा भाऊ म्हणजे तुमचं मंगळूर.

आता पावसाळा. तुम्ही विचारलंत हे बरं केलंत, कारण पुण्या-नाशिकच्या सल्ल्यात हे कधी येत नाही. आपल्याकडे जूनपासून चार महिने भिंती घाम गाळतात, चामड्याच्या चपलेवर आठवड्यात बुरशी येते. साध्या हार्ड डिस्कला आत-बाहेर हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक छिद्र असतं, त्याला गाळणी असते, पण दमट हवा दमटच राहते. कपाटातल्या सुती साड्या तर ओल धरून ठेवतात. तेव्हा डिस्क तिथून बाहेर काढा. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका, रंग बदलणारे दाणे मिळाले तर उत्तम, आणि डिस्क तिच्या अँटिस्टॅटिक पिशवीत किंवा मऊ पाऊचमध्ये घालून आत ठेवा. रंग बदलला की पुड्या बदलायच्या. डब्याला जागा स्वयंपाकघरापासून दूर, जमिनीपासून उंच, पण पडेल अशा उंचीवर नको. एसीच्या खोलीतून दमट पडवीत आणलीत तर लगेच जोडू नका. अर्धा तास तशीच राहू द्या, म्हणजे धरलेला दव सुकेल.

विजेचं त्याहून महत्त्वाचं. आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटी आणि पुन्हा पावसाळा परतताना गडगडाटाच्या संध्याकाळी येतात. आभाळ काळवंडलं की लॅपटॉपचा चार्जर सॉकेटमधून काढा, इंटरनेटच्या डब्याची तारही काढा, कारण वीज त्या तारेनंही येते. नुसता स्विच बंद करून भागत नाही. आणि अशा वेळी डिस्क जोडलेली नसावी.

खरं तर डिस्क कधीच जोडलेली राहू नये. कॉपी झाली, तपासलं, काढून ठेवली, एवढ्यापुरतीच ती जोडायची. याला आणखी एक कारण आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला होता. तो फायलींना कुलूप लावायचा आणि किल्लीसाठी पैसे मागायचा. या जातीचे व्हायरस अजून येतच आहेत. ते लॅपटॉप बंद करून थांबत नाहीत, त्या क्षणी जोडलेल्या प्रत्येक डिस्कवरच्या फायलींना कुलूप लावतात. डब्यात बंद असलेल्या डिस्कला ते काही करू शकत नाहीत. काढताना टास्कबारवरच्या चिन्हातून सेफली रिमूव्ह करा आणि आतली घरघर थांबेपर्यंत अर्धा मिनिट थांबा. हातात धरल्यावर ती थरथर जाणवते. ती थांबली की उचला.

भाचा विचारेल, एवढं कशाला, गूगल ड्राइव्हवर टाकूया की. टाका, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. फुकटात १५ जीबी मिळतात, त्यातच तुमचे मेल आणि फोटोही बसतात. तुमच्या ४३ जीबीच्या फायली तिथे मावणार नाहीत. वडिलांच्या जिवाच्या अशा चार-पाच कॅसेटी निवडून तिथे ठेवा, ती चौथी प्रत झाली. एक मात्र ओळखून राहा: लॅपटॉपवरचं फोल्डर आणि ऑनलाइन फोल्डर जे आपोआप जुळवून ठेवतात, त्यात इकडे चुकून काही पुसलं की तिकडचंही पुसलं जातं. काही दिवस कचऱ्याच्या टोपलीतून परत काढता येतं, मग तेही नाही. जुळवणं वेगळं, राखून ठेवणं वेगळं.

आता दोन प्रकारच्या फायली वेगळ्या धरा, कारण त्यांना वेगळी वागणूक लागते. कॅसेटी आणि फोटो बदलत नाहीत. एकदा नीट कॉपी केल्या की झालं, त्यासाठी कुठल्याही सॉफ्टवेअरची गरज नाही. पण नाटकांच्या संहितांवर तुम्ही अजून काम करता, दुरुस्त्या करता. अशा फायलींसाठी विंडोजमध्येच फाइल हिस्ट्री नावाची सोय आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये शोधा, डिस्क जोडून ती सुरू करा. ती बदललेल्या फायलींच्या जुन्या आवृत्त्याही जपून ठेवते, म्हणजे कालचा चांगला प्रवेश आज चुकून खोडलात तरी कालचा परत मिळतो. एक खाच आहे. ती फक्त डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरलेल्या जागा बघते. तुमच्या संहिता डी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरात असतील तर त्यांच्याकडे ती ढुंकूनही पाहत नाही आणि तसं सांगतही नाही. त्या डॉक्युमेंट्समध्ये आणून ठेवा, हे सगळ्यात सोपं.

संहितांवरून आठवलं, आणि हे मला फार तळमळीनं सांगायचं आहे. त्या कुठल्या फॉन्टमध्ये आहेत? पंधरा-वीस वर्षांपूर्वी टाइप केल्या असतील तर बहुधा श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये असतील. त्या काळी फाइलमध्ये मराठी अक्षरं नसायचीच, इंग्रजी चिन्हं असायची आणि फॉन्ट त्यांना मराठीचा वेष चढवायचा. फाइल दहा डिस्कांवर जपलीत आणि फॉन्ट हरवला, तर उघडल्यावर पडद्यावर नुसती गिचमिड दिसेल. डिस्क शाबूत, फाइल शाबूत, आणि वडिलांचं नाटक गेलेलं. मी अशी एक फाइल पाहिली आहे: एका गृहस्थांनी त्यांच्या आजोबांच्या आरत्या इतक्या निगुतीनं राखल्या होत्या, आणि त्यांना त्या वाचता येत नव्हत्या. जुना कॉम्प्युटर अजून चालतो का बघा. चालत असेल तर प्रत्येक संहिता तिथेच उघडून तिची पीडीएफ करून घ्या, फॉन्टच्या फायलीही कॉपी करून घ्या, आणि मग सवडीनं मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फाइलमध्ये खरी मराठी अक्षरंच साठवणाऱ्या आजच्या पद्धतीत, बदलून घ्या. बदलताना जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, म्हणून पीडीएफ समोर ठेवून ओळ न् ओळ वाचावी लागेल. तुम्ही शिक्षिका आहात, हे काम तुमच्याइतकं चांगलं कुणी करणार नाही.

कॉपी झाली की झाली असं मानू नका, तपासा. दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. फायलींची संख्या आणि बाइटचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळला पाहिजे. मग दुसऱ्या डिस्कवरून, आणि जमल्यास दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, पाच-सहा कॅसेटी उघडा आणि मधूनच ऐका. सुरुवात नको, मधलं. वास्कोच्या सप्ताहातली ती बैठक तुम्ही लिहिली आहे ना, तीच लावा. चाळीसाव्या मिनिटाला पेटी ऐकू आली तर प्रत खरी. चवथ-शिगम्याला डिस्क बदलताना प्रत्येक वेळी एवढं ऐकायचं. त्या निमित्तानं पेडण्याच्या घरात सगळ्यांसमोर वाजवा.

डिस्क साधारण पाच वर्षांनी बदला, चालत असली तरी. तेव्हा स्वस्त दिसली म्हणून पेनड्राइव्हवर जाऊ नका. पेनड्राइव्ह आणि एसएसडी (तबकडीऐवजी चिप असलेल्या डिस्का) विजेच्या भारावर माहिती धरून ठेवतात आणि वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिल्या तर तो भार ओसरू शकतो. कपाटात ठेवायला साधी फिरती डिस्कच बरी. भाच्यानं पेनड्राइव्हवर नाटकाचा ६ जीबीचा व्हिडिओ घालायचा प्रयत्न केला आणि जागा असून गेला नाही, असं तुम्ही लिहिलं आहे, त्याचंही कारण सांगते: ३२ जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीनं तयार केलेले असतात आणि त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की जाईल. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, आणि तो पेनड्राइव्हच फॉरमॅट करतो आहोत ना, हार्ड डिस्क नव्हे, हे दोघांनी मिळून दोनदा बघा.

पासवर्डचं विचारलं नाहीत, पण भाचा सुचवेल. बँकेच्या आणि आधारच्या कागदांना जरूर लावा, त्यांचं वेगळं फोल्डर करा. वडिलांच्या भजनांना लावू नका. ती कुणाच्या हाती लागली तर तो ऐकेल, आणि पासवर्ड तुम्ही विसरलात तर कुणीच ऐकणार नाही.

आणखी एक प्रत आहे जी अजून कुठेच नाही, ती तुमच्या डोक्यात आहे. कॅसेट १७ वर तबला कोणाचा, ती मैफल मंगेशीच्या जत्रेतली की म्हार्दोळच्या, मागे खोकतं आहे ते कोण. फायलींना «ट्रॅक १» अशी नावं असतील तर बदला: साल, जागा, कोण गातं, काय गातं. आणि एका वहीत सगळं पेनानं लिहून काढा, तिचा मोबाइलनं फोटो काढून त्याच फोल्डरात टाका. भाच्याला हे आज ठाऊक नाही, त्याला विचारायला उद्या तुम्ही हव्यात.

डिस्कमधून कधी टक्-टक् आवाज आला तर एवढंच: तत्काळ काढा आणि पुन्हा लावू नका. उघडू नका, तांदळात पुरू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका, कुणी काहीही सांगो. दुसरी प्रत असेल तर ही बिघडलेली डिस्क टाकून द्या आणि नवी घ्या. दुसरी प्रत असली की हा प्रसंग फक्त काही हजारांच्या खर्चाचा असतो.

आता कॅसेटी का टाकायच्या नाहीत ते. त्या मूळ आहेत. भाच्यानं उतरवून घेतलेल्या फायलींत एखाद्या ठिकाणी आवाज फाटला असेल, एखादी बाजू अर्धीच आली असेल, तर परत जायला त्याच आहेत. उद्या चांगलं यंत्र मिळालं तर त्यातून आज हाती आलं त्याहून जास्त निघू शकेल. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला मागे दोन लहान प्लॅस्टिकचे दात असतात, ते मोडून टाका, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरं रेकॉर्डिंग होणार नाही. उभ्या ठेवा, लाउडस्पीकरजवळ नको, सिलिका जेलसकट बंद डब्यात.

आणि ती बुरशी आलेली ४६वी. ती कुठल्याही प्लेअरमध्ये घालू नका. बुरशीची पूड यंत्राच्या डोक्याला चिकटते आणि पुढच्या कॅसेटींनाही लागते, शिवाय टेप चिकटून ओढली गेली तर तुटेल. इतर ४५ पासून ती वेगळी करा, कागदी पाकिटात घालून सिलिका जेलबरोबर पंधरा दिवस कोरडी होऊ द्या. मग जुन्या टेप साफ करून उतरवून देणाऱ्या माणसाकडे स्वतः घेऊन जा, कुरिअरनं पाठवू नका. त्याला आधीच सांगा की टेप नव्या, स्क्रूच्या कवचात घालून मगच वाजवायची. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलं आहे की तिच्यावर पेन्सिलीनं फक्त «आयी» एवढंच लिहिलेलं आहे आणि आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. उतरवून झाली की मला कळवा.